अर्शदचं पथ्य

ईदच्या जेवणात शेजारची महमुदाआपा मटण वाढायला आली, तेव्हा अर्शदने ताटावर हात आडवा धरला. कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणाला. अकीलानेही नको म्हटलं.

नवरा खात नाही म्हणून हीसुद्धा सोडते, असं महमुदाने बाकीच्या बायकांना सांगितलं. सगळ्यांना कौतुक वाटलं.

बहारीनला, मुहर्रकमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत १९९८ सालभर नारळ फुटला नव्हता. तूप, कलेजी, अंड्याचा बलक, सगळं बंद. वाफवलेला हमूर मासा, डाळ, खुब्जची रोटी, आणि संध्याकाळी दोघांनी समुद्राकाठी चालायचं. कोलेस्टेरॉल खरंच वाढलं होतं. एचआयव्हीच्या या नव्या गोळ्या जीव वाचवतात, पण रक्तात चरबी वाढवतात, असं मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं. पथ्य पाळा, गोळी चुकवू नका.

चरबीचं चारचौघांत सांगता येत होतं. दुसरं नाही. ते कळलं की परतीच्या विमानात बसवून देतात, हे इथे आलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं.

अर्शदच्या भावाचं मुंबईत औषधांचं दुकान होतं. गोळ्या तो अर्शदच्या नावाने पाठवायचा. त्या थंडीत एक पुडकं विमानतळावर फुटलं. अर्शद तिथे कार्गोत क्लार्क होता, महमुदाचा नवरा अहमदही तिथेच. अहमदने डबीवरचं औषधाचं नाव वाचलं आणि एका कंपाउंडरला विचारलं.

दुसऱ्या दिवशी महमुदा आली. चहा घेतला नाही. अहमदने काय पाहिलं ते तिने सांगितलं.

"बाहेर शेण खाऊन आलाय तो. तू माहेरी जा, अकीला. तुझं रक्तही तपासून घे."

अकीला तांदूळ निवडत राहिली. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. महमुदाने जवळ घेतलं तेव्हा ती लाकडासारखी बसून होती. बिचारीला धक्का बसलाय, असं महमुदाने घरी सांगितलं.

अहमदकडून ऑफिसलाही कळलं, आणि त्यांनी अर्शदला मेडिकलला पाठवलं. कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसेना. अकीलाने बॅगा भरून ठेवल्या.

"मी आपाला सगळं सांगून टाकते," ती एकदा म्हणाली.

"काही सांगायचं नाही," अर्शद म्हणाला.

रिपोर्ट आला. रक्त स्वच्छ होतं. दुकानातून दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं पुडकं आलं असणार, असं अर्शदने साहेबाला सांगितलं, आणि साहेबाला ते पटलं. अहमदने त्याला गाडीने घरी सोडलं. वाटेत त्याने हात धरून माफी मागितली.

"खलास, विसर," अर्शद म्हणाला.

अकीला दारातच उभी होती. त्याने आत येऊन कडी लावली, तिला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

"घे," तो म्हणाला. "तुझ्या गोळीची वेळ टळून चाललीय."