जाग आली तेव्हा

विहारातल्या पाली भाषेच्या वर्गात शिक्षकांनी सांगितलं, "बोधी म्हणजे जाग येणं." तिथून परतताना सत्तरीच्या भागरथाबाई तो शब्द पुटपुटत होत्या. सोबतच्या सुनेला, पंचशीलेला, हसू आलं.

दुसऱ्या दिवशी पंचशीलेच्या सोळा वर्षांच्या लेकीला बघायला पाहुणे आले. पंचशीलेला हे लग्न नको होतं, पण नवऱ्यापुढे बोलायची तिची हिंमत नव्हती.

तेवढ्यात भागरथाबाई बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. "माह्यं लगन झालं तवा मी बापाच्या खांद्यावर झोपून होती. आता जाग आली मले. नातीचं लगन होनार नाई."

"माय, तू अंदर जाय!" त्यांचा मुलगा ओरडला.

त्या हलल्या नाहीत. पंचशीलेनं पुढे होऊन सासूचा हात धरला.

"पोरगी शिकन," ती नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

पाहुणे उठले.