दुसरा गळ

ओरत्तनाडूच्या कचेरीत शिवराजने गावाबाहेरच्या कालव्यात पुरुषभर लांब मरळ मासा पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा सतीशकुमारने सगळ्यांदेखत त्याला खोटारडा ठरवलं. रविवारी भरदुपारी दोघे हट्टाने कालव्यावर गेले. कालव्याला गुडघाभर नितळ पाणी होतं.

शिवराजच्या नव्या फॉरेन रिळाच्या गळाला मरळ लागली, पण वीतभरच.

"हीच का रे ती?" सतीशकुमार खदखदून हसला.

शिवराजने मासा उचलला. त्याच्या जबड्यात आणखी एक गळ रुतला होता आणि त्या गळाचा दोरा पाण्यात शिरला होता.

"कुणाचा तरी तुटला असेल. ओढ की, शूरवीरा!"

शिवराजने चिडून दोरा मनगटाला गुंडाळला आणि ओढला. पलीकडूनही ओढ आली. दोरा सैल पडला, ताणला, पुन्हा सैल पडला. मोठा मासा दमवताना शिवराज स्वतः असंच करी.

"अय्यो, सोड ते!" सतीशकुमार मागे सरकत ओरडला.

सोडायचा कसा? दोरा मनगटात रुतला होता. पाय घसरून पाण्यात गेले. दोरा तळाच्या वाळूत शिरलेला स्पष्ट दिसत होता. तिथे कुणीच नव्हतं.

पुन्हा ओढ आली. या वेळी दोरा सैल पडला नाही.