नैवेद्याआधीची पोळी

समुपदेशक बाईंनी आम्हा मायलेकांना समोरासमोर बसवून माझ्या हातात मऊ चेंडू दिला. चेंडू ज्याच्याकडे, त्यानंच बोलायचं म्हणे! साठी उलटलेली बाई मी, आता चेंडू खेळू?

“ख्रिस्ती झालास, तेही गिळलं. पण आईच्या हातचा घास चालत नाही होय रे?”

चेंडू त्याच्याकडे गेला. “आई, तू सगळं आधी देवाला दाखवतेस. नैवेद्याचं मला चालत नाही.”

मी चेंडू हिसकावला, पिशवीतला डबा आदळला. “पुरणपोळी आहे. जन्मात पहिल्यांदा देवाआधी कुणासाठी काढून ठेवली. खा आता, मेल्या!”

त्यानं तुकडा मोडला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, मगच तोंडात घातला.

म्हणजे यानंही देवाला दाखवूनच खाल्ली की! अगदी ओठांवर आलं. चेंडूही माझ्याच हातात होता. पण तो दुसरा तुकडा मोडत होता.