असं ओरडत नाही कुणी

"कट! पुन्हा!" दिग्दर्शकानं हेडफोन काढून मांडीवर आपटले. "अहो, दार फुटतंय! बाहेर हजार माणसं तुमच्या जिवावर उठलीत आणि तुम्ही ओरडताय कसे, तर बस चुकल्यासारखे!"

हा पाचवा टेक होता. दिव्यांच्या उष्णतेनं रंगभूषा ओघळायला लागली होती.

ताई कोपऱ्यात उभी राहून घाम पुसत होती. चित्रीकरणाला गर्दी पुरवणं हा तिचा वीस वर्षांचा धंदा. दोनशे माणसं मागितली तर ती दोनशे दोन आणायची, कारण दोघं ऐन वेळी आजारी पडतातच. पण या चित्रपटानं तिच्या नाकी नऊ आणले होते. शंभर वर्षांपूर्वीचा उठाव, वकिलातीत चाळीस दिवस कोंडले गेलेले परदेशी, आणि ते परदेशी दिसले तर पाहिजेत. एवढे घाऱ्या डोळ्यांचे लोक आणायचे कुठून?

शेवटी ती शहराबाहेरच्या छावणीत गेली. शेजारच्या देशात दहा वर्षांपूर्वी यादवी माजली, तेव्हा तिथून जे जे निसटले ते इथे येऊन राहिले होते. साठ जण तयार झाले. त्यांच्यात एक मावशी होती. साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत, एकटीच. बाकीचे तिच्याशी फारसं बोलत नसत. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रोज रिकामी राही. ताईला वाटायचं, काय काय सोसलं असेल या बाईनं, की तिच्याच माणसांना तिच्याजवळ बसवत नाही.

सहावा टेकही फुकट गेला.

"ताई, तुमच्या लोकांना समजवा काहीतरी," दिग्दर्शक वैतागून म्हणाला. "ही माणसं खरं दुःख बघून आलीत म्हणालात ना तुम्ही?"

ताई पुढे झाली, तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशी उठली.

"असं ओरडत नाही कुणी," ती म्हणाली. भाषा तिला अजून नीट बसली नव्हती. एकेक शब्द ती तोलून खाली ठेवत होती.

ताई घाईनं तिच्याकडे वळली. "मावशी, बसा बरं तुम्ही."

"थांबा," दिग्दर्शकानं हात वर केला. "मग काय करतात, मावशी?"

"गप्प बसतात. दार फुटायला लागलं की आवाजच जातो."

दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. "दाखवा मला."

मावशी दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच बोटानं एकेकाला जागा दाखवू लागली. कपाटामागे लपलेल्यांना तिनं बाहेर काढलं. बायकांना भिंतीला टेकून जमिनीवर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. एका मुलीला सांगितलं, "तू स्वतःचे नाही, भावाचे कान झाक." एका म्हाताऱ्याला म्हणाली, "तू चष्मा पुसत राहा. हळू. दाराकडे बघू नको. कुणीच बघायचं नाही दाराकडे."

सहा टेक ज्यांना समजावता समजावता सहायकांचा घसा बसला होता, ती माणसं तिच्या एका शब्दासरशी हलत होती. उलटून कुणी काही विचारलं नाही. मावशी दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक करून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, मग पुढे येऊन एका आईच्या एका मांडीवरचं मूल तिच्याच दुसऱ्या मांडीवर ठेवलं.

"आता घ्या," ती म्हणाली.

सातवा टेक झाला. दारावर घण पडत होते, ढलप्या उडत होत्या, आणि खोलीत चष्म्याच्या काचेवरून फिरणाऱ्या रुमालाखेरीज काही हलत नव्हतं. मॉनिटरसमोरचा कॅमेरामन डोळे पुसत होता. कपडेपटातल्या दोन बाया उठून बाहेर निघून गेल्या. "कट" म्हणायचं भान दिग्दर्शकाला बऱ्याच वेळानं आलं.

त्यानं मावशीपुढे हात जोडले. "तुमचं नाव पडद्यावर देणार मी. पहिल्या पाटीवर."

"नाव नको," मावशी म्हणाली आणि पोशाख उतरवायला निघून गेली.

दिवेलागणीला बस छावणीकडे निघाली. ताई एरवी ड्रायव्हरजवळ बसायची. आज ती मावशीशेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. छावणीतल्या माणसाला मागचं विचारायचं नाही, हा तिचा नेम होता. आज मात्र तिला राहवेना.

"मावशी, माझ्यामुळे तुम्हाला ते सगळं पुन्हा आठवावं लागलं. माफ करा मला."

"तुमची काय चूक?"

"कुठे झालं होतं?"

मावशी खिडकीबाहेर बघत होती. "शाळेत. शाळेच्या तळघरात. नऊ दिवस."

"किती माणसं?"

"एकोणतीस."

"पोरंबाळंही?"

"अकरा."

ताईच्या घरी दोन मुली होत्या, धाकटी अजून अंधाराला घाबरायची. "आणि तीसुद्धा रडली नाहीत?"

"नाही. कुणीच नाही."

बस खड्ड्यातून गेली, तसा ताईनं मावशीचा हात घट्ट धरला. हात खरखरीत होता, थंड होता. "बोलू नका आता," ताई रडत म्हणाली. "तुम्ही त्यातून वाचलात, हेच खूप झालं. देवानं तेवढी तरी दया केली."

पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या आणि लगेच माना फिरवून बसल्या. मावशीनं आपला हात हळूच सोडवून घेतला.

"तुम्ही चुकीचं समजलात, ताई," ती म्हणाली. "आम्ही दार फोडून आत शिरलो, तेव्हा ते सगळे तसेच बसले होते."