मातीच्या बाईची पूजा

सून संग्रहालयात फुटक्या मृण्मूर्ती जोडायचं काम करायची. एकदा तिने एका प्राचीन मूर्तीची प्रतिकृती घरी आणली: टीचभर उंचीची, रुंद कमरेची, गोल पोटाची, भाजलेल्या मातीची बाई. "मूल व्हावं म्हणून पूर्वी बायका हिची पूजा करत असाव्यात," असं ती सहज बोलून गेली आणि फसली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई रोज मूर्तीपुढे फूल ठेवून, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणू लागल्या, "बाई गं, या घरात एकदाचा पाळणा हलू दे!"

मूल इतक्यात नको, हे नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. पण सासूबाईंना सांगणार कोण? शेवटी एका सकाळी चहा गाळता गाळता सून म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंच. जी पूजा करायची, तिलाच दिवस जायचे म्हणे. दुसरीसाठी मागायची सोय नव्हती."

सासूबाईंची पन्नाशी अजून लांब होती. फूल त्यांच्या हातातच राहिलं.

"अगं बाई! मग हे आधी नाही का सांगायचं?"

 

त्या दिवसापासून सासरे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात, आणि आपलं नेमकं काय चुकलं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.