धुराची वाट

वणव्याच्या भीतीनं जंगलात काडी ओढायला बंदी लागली आणि लेकीनं वनरक्षक बाबांनाच बिडी पेटवताना रंगेहाथ पकडलं.

"वाहवा! कुंपणच शेत खायला लागलं!"

बाबांनी कान धरले. "तुझी शपथ, बंदी उठेपर्यंत जंगलात एक काडी ओढणार नाही. ही कोरी आगपेटी खिशात ठेवतो. तूच उघड नंतर."

गस्तीवर एकटेच गेलेले बाबा कालपासून परतले नव्हते. ती त्यांच्या जोडीदार काकांसोबत टेहळणीच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून उभी होती. उन्हाळाभर कुठेही धूर दिसू नये म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते. आज एक बारीकशी रेघ दिसावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"काका, आगपेटी आहे त्यांच्याकडे. अडकले असतील तर धूर करतीलच ना?"

"करेल गं पोरी. न करून सांगतो कुणाला?"

धूर दिसलाच नाही.

संध्याकाळी बाबा घळीत सापडले. पाय मोडलेला, अंग थंडगार. शेजारचं वाळकं गवत हातांनी उपटून जागा मोकळी केलेली, तिथं काटक्या नीट रचलेल्या. काकांनी त्यांच्या मुठीतली आगपेटी सोडवून लेकीच्या हातावर ठेवली.

ती तिनंच उघडली. एकही काडी कमी नव्हती.