कुंपणाखालचा पाइप

“ताई, हा पाइप कुठं जातो?” खड्ड्यात उकिडवा बसलेल्या प्लंबरने वर न बघताच विचारलं.

तिने चहाचा कप खड्ड्याच्या काठावर ठेवला. सोमवार उजाडल्यापासून तिला याच प्रश्नाची धास्ती होती.

“जुना आहे. बंद करून टाका.”

“जुना खरा, पण चालू आहे. हात लावून बघा, कसा गार आहे. आणि निघतो टाकीच्या पुढून, म्हणजे हा...”

“भाऊ, पाया पडते तुमच्या, काही विचारू नका. कापा, बूच मारा आणि वर माती लोटा.”

प्लंबरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि करवत उचलली. “घर तुमचं, विहीर तुमची. आपल्याला काय!”

शेजारीपाजारी तिने सांगून ठेवलं होतं, की मोरीच्या भिंतीला ओल येते, पंपाच्या घरघरीने दुपारी डोळा लागत नाही. म्हणून नळ उघडला की आपोआप चालू होणारा पंप आणि त्याची दाबाची टाकी मागच्या खोलीतून काढून विहिरीशेजारच्या नव्या शेडमध्ये न्यायची. घरातले पाइपही सगळे बदलायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण ओल काय, वर्षानुवर्षं होतीच. खरं कारण कुंपणाखाली गाडलेलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, ती माहेराहून एक दिवस आधीच परतली, तर नवरा मागच्या कुंपणापाशी चर बुजवत होता. चरातला पाइप पलीकडे, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या विहिरीकडे गेलेला.

“अहो, हे काय?”

“कुठं बोलू नकोस. बाईंना कळलं तर जन्मात माझं तोंड बघायच्या नाहीत.”

तिने पुढे विचारलं नाही. विचारायचं काय? त्या वर्षी दोन्हीकडच्या विहिरी खाली गेल्या होत्या, आणि बाग वाळतेय म्हणून तिनेच महिनाभर त्याच्यामागे भुणभुण लावली होती. हात त्याचे असले तरी पाप आपल्या जिभेचं, हे तिच्या मनाने तेव्हाच धरलं. आणि चोरी तरी कुणाकडे? ज्यांनी हात धरून त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं, त्यांच्याकडे! आज वाटीभर साखर नेली तर उद्या सकाळी वाटी शिगोशीग भरून परत करणाऱ्या, कुणाच्या काडीच्याही मिंध्या न राहणाऱ्या बाई त्या.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली. पाइप राहिला. घरात एकही नळ उघडा नसताना पंप आपणहून घरघरला, की तिला वाटे, बाईंचं पाणी येतंय. रोज देवासमोर दिवा लावताना ती मान वर करत नसे.

माती लोटून झाली, तोच कुंपणावरून बाईंची हाक आली.

“काय गं सूनबाई, पंपाला नवं घर वाटतं?”

“हो ना, बाई. फार कटकट करायचा.”

“कुठंही ठेवा, कुरकुरणारच तो, सासूसारखा,” प्लंबर मध्येच म्हणाला.

बाई मनापासून हसल्या. “आमच्या विहिरीकडून शिका म्हणावं. इतके उन्हाळे गेले, पण कधी डोळे वटारले नाहीत तिनं. तुझी विहीर म्हणजे नुसती नखरेल!”

ती जमिनीकडे बघत हसली.

संध्याकाळी प्लंबरने नव्या जागी पंपात पाणी भरून हवा काढली, बटण दाबलं. स्वयंपाकघरातला नळ खोकला, थुंकला आणि मग स्वच्छ धार धरली. निघताना तो दारात घुटमळला. “ताई, त्या पाइपाचं एक सांगायचं होतं...”

“नको, भाऊ. झालं ते झालं.”

रात्री तिने मनाशी नेम केला. आता चोरीचं पाणी नाही, तेव्हा जपून वापरायचं. अंघोळीला एकच बादली, बागेला फक्त भांडी विसळलेलं पाणी. एवढी शिक्षा तर व्हायलाच हवी.

पण घडलं भलतंच. दुसऱ्या दिवशी विहिरीची एक पायरी बुडाली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. पंप आता उगाच घरघरत नव्हता. नळ उघडला तरच चाले. ती काठावर उभी राहून त्या पाण्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. देवाने माफ केलं होतं. त्या संध्याकाळी दिवा लावताना, किती वर्षांनी, तिने मान वर केली.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. बाई उभ्या होत्या. हातात रिकामी बादली, नजर पायाशी.

“सूनबाई, कधी कुणापुढे हात पसरला नाही गं मी. एवढी बादली भरून देतेस?” त्यांचा आवाज खाली गेला. “आमच्या विहिरीत तुमच्या कुंपणाच्या अंगाने कपारीतून झरा यायचा बघ, अकरा वर्षांपूर्वी आपोआप फुटलेला. त्याच्याच जिवावर होते मी. सोमवारपासून तो बंद झालाय.”